नेम आणि दाम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी गोळीविषयी बोलणार आहे. कवीने गोळीविषयी बोलावे हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल, आणि ते साहजिकही आहे. गोळी म्हटली की डोळ्यांसमोर वर्तमानपत्राचे पहिले पान येते. पण माझ्या आजच्या विषयातली गोळी माणसावर झाडायची नाही. ती पन्नास मीटर लांब असलेल्या लक्ष्यावर झाडायची आहे. एनसीसीत गेलेले श्रोते तिला 'पॉइंट टू-टू' या नावाने ओळखतील. अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची शिशाची ही गोळी. तिच्यापायी किती घरांचा हिशेब कोलमडतो आणि किती मुलांचा खेळ मध्येच थांबतो, हे मला सांगायचे आहे.

आधी थोडे शब्दांविषयी, कारण तो माझा प्रांत. 'बंदूक' या शब्दाचे मूळ अरबी 'बुंदुक' या शब्दात आहे. हे एका कवचाच्या फळाचे नाव. त्या फळासारखी गोल गोळी ती बुंदुक, आणि ती गोळी फेकणारे हत्यार ती बंदूक. म्हणजे आधी गोळी आली आणि मग बंदूक! 'काडतूस' पोर्तुगिजांच्या बोलीतून आपल्याकडे आले. आणि आपला आवडता शब्द 'शिस्त' फारसीतून आला, तो नेम या अर्थाने. जुन्या मराठीत शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. पुढे त्याचा अर्थ वळणाने, नियमाने वागणे असा झाला. नेमबाजी शिकणारी मुले पाहिली की हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी नांदताना दिसतात.

पुण्याचे आणि गोळीचे नाते जुने आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला. दीडशे वर्षांहून अधिक काळ तिथे काडतुसे तयार होत आली आहेत. तिथल्या काडतुसाच्या पेंद्यावर इंग्रजीतली 'के' आणि 'एफ' ही अक्षरे असतात. 'किर्की फॅक्टरी' या जुन्या नावाची ती खूण. २०२१ साली सरकारने देशातले आयुध कारखाने सात कंपन्यांमध्ये विभागले. त्यातल्या दारूगोळ्याच्या कंपनीचे, म्युनिशन्स इंडियाचे, मुख्यालयही पुण्यातच आहे.

दुसरे नाते खेळाचे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. तिथल्या नेमबाजीच्या रेंजवर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून मुले येतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात, म्हणजे पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ गुण मिळवले. नेमबाजीत विश्वविजेती झालेली ती पहिली भारतीय महिला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ साली पुण्यात मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळवले. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. स्वप्नीलचे वडील शिक्षक. मुलाला गोळ्या घेऊन देण्यासाठी त्यांनी एकदा कर्ज काढले होते, असे त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून आले. सत्काराच्या बातम्यांच्या गर्दीत ती एक ओळ होती. मला पदकाइतकीच ती लक्षात राहिली. बक्षिसे पदकानंतर येतात, कर्ज मात्र पदकाच्या आधी काढावे लागते.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोळीला एवढा पैसा का लागतो? त्यासाठी तिचा स्वभाव समजून घ्यायला हवा.

पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर रुंद असते. सदऱ्याचे बटण एका गल्लीच्या टोकाला धरावे आणि दुसऱ्या टोकाहून ते टिपावे, तसे हे काम. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर असतो. गारठ्यात थोडा कमी, उन्हाळ्यात थोडा जास्त. लढाईच्या रायफलीची गोळी आवाजाच्या कितीतरी पुढे धावते. चाबूक हवेत फटकारला की जो आवाज होतो, तो त्याचे टोक आवाजाच्या वेगापुढे गेल्यामुळे होतो. वेगवान गोळीचाही तसाच कडाका असतो. पण वाटेत तिचा वेग उतरून आवाजाच्या वेगाजवळ आला की हवेच्या धक्क्याने ती किंचित डळमळते. म्हणून स्पर्धेची पॉइंट टू-टूची गोळी मुळातच आवाजाच्या आत ठेवतात. ती नळीतून सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगाने निघते. ही संथ गोळी. पळापळ नाही, आरडाओरडा नाही. नेमून दिलेल्या वाटेने जाणारी.

पण संथ असून भागत नाही, प्रत्येक गोळी सारखी संथ असावी लागते. एक गोळी ३२० च्या वेगाने गेली आणि दुसरी ३३० च्या, तर पन्नास मीटरवर दोघींच्या उंचीत सहा-सात मिलिमीटरचा फरक पडतो. जिथे दशांशात गुण मोजतात, तिथे एवढ्याने १०.९ चे १०.१ होतात. खेळाडूचा हात हलला नाही, श्वास चुकला नाही, डोळा चुकला नाही, तरी गुण गेले! म्हणून दारूचा कण न् कण मोजलेला, शिशाचा आकार एकसारखा, पेंद्यातला मसाला सगळीकडे सारखा पसरलेला, अशी गोळी लागते. त्या सारखेपणाची किंमत मोजावी लागते. त्यातही एका रायफलीला एका घाण्याची गोळी मानवते, तर दुसऱ्या रायफलीला दुसऱ्या. मोठे खेळाडू आपली रायफल घोडीत आवळून निरनिराळ्या घाण्यांच्या गोळ्या झाडून पाहतात आणि जो घाणा जुळेल त्याचीच खोकी घेतात. लग्न जुळवण्यासारखेच हे. ज्याच्या हाती पैसा थोडा, त्याला जे मिळेल त्याच्याशी जमवून घ्यावे लागते.

गवई रियाज करतो, तेव्हा सुराला पैसे पडत नाहीत. मी कविता लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. माझा एखादा शब्द वाया गेला तर नुकसान फार तर कागदाचे. पण समजा, गवयाला प्रत्येक सुरामागे वीस रुपये मोजावे लागले असते, तर? किती जणांनी पहाटे उठून षड्ज लावला असता? नेमबाजाचा रियाज असा आहे. थ्री पोझिशनच्या सामन्यात गुडघ्यावर वीस, पालथे वीस आणि उभ्याने वीस अशा साठ गोळ्या मोजल्या जातात. त्याआधी अंदाजासाठी झाडलेल्या गोळ्या वेगळ्याच. सरावात दिवसाला शंभर धरल्या आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर अडीच हजार गोळ्या झाल्या. एका गोळीला वीसच रुपये धरा, तरी पन्नास हजार रुपये! वर्षाच्या तीस हजार गोळ्या. त्यांच्या शिशाचे वजन काढले तर ७८ किलो भरते. गोळ्या झाडणाऱ्या मुलीचे वजन तरी तेवढे असेल की नाही, कोण जाणे.

म्हणूनच नेमबाजीला सुरुवात करणारी बहुतेक मुले दहा मीटरच्या हवेच्या रायफलीकडे वळतात. तिचा छर्रा स्वस्त, त्यात दारू नाही, काडतूस नाही. त्या खेळानेही देशाला मोठे नाव दिले. पण छर्ऱ्यावर तयार झालेला मुलगा किंवा मुलगी पन्नास मीटरकडे वळते, तेव्हा घराला पहिला धक्का बसतो.

आमच्या मोहल्ल्यातले एक भंगाराचे व्यापारी आहेत. सगळे त्यांना मामू म्हणतात, मीही म्हणतो. त्यांची मुलगी कॉलेजात असताना एनसीसीतून नेमबाजीकडे वळली. अंजली भागवत यांनीही एनसीसीतूनच सुरुवात केली होती, हे मुलीने मामूंना ऐकवले आणि मामू गप्प झाले. ती रेंजवरच्याच रायफलीने सराव करते, हत्यार घरी आणत नाही. तरी आमच्या वस्तीत बंदूक हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. मुलगी रायफल चालवते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, कागदपत्रांना काय काय लागेल, कोण काय विचारेल, ही काळजी मामूंना होती. ती त्यांनी गिळली. पण गोळ्यांचे बिल त्यांच्याने गिळवेना.

एक दिवस ते माझ्याकडे आले. हातात रिकाम्या पुंगळ्या. भंगारातल्या माणसाची नजर ती, पितळेचा भाव त्यांना तोंडपाठ. म्हणाले, "शायरसाहेब, तुम्ही शिकलेले आहात. हे पितळ चांगले शाबूत आहे. शिसे माझ्याकडे पोत्याने पडले आहे. मग हीच पुंगळी परत भरता येत नाही का? पोरीचे निम्मे पैसे वाचतील."

प्रश्न अडाण्याचा नव्हता. जगात असे करणारे लाखो लोक आहेत. अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत हौशी नेमबाज वापरलेल्या पुंगळीत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून काडतुसे पुन्हा तयार करतात. आवाजाच्या आतल्या संथ काडतुसांसाठी ते जड गोळ्या वापरतात आणि त्या स्वस्त कुठे मिळतील याचा शोध घेतात. कुणी घाऊक घेतो, कुणी जुने शिसे वितळवून स्वतःच ओततो. पैसा वाचवण्याची धडपड तिथेही आहे, फक्त तिथला कायदा वेगळा आहे आणि पुंगळीही वेगळी आहे.

मामूंना मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली पुंगळीची. मोठ्या रायफलीच्या काडतुसात पेट घेणारा मसाला पेंद्याच्या मध्यभागी एका छोट्या टोपीत असतो. ती टोपी काढून नवी बसवता येते. पॉइंट टू-टूमध्ये हा मसाला पेंद्याच्या दुमडलेल्या कडेतच भरलेला असतो. घोडा पडला की ती कड चेपते आणि मसाला पेट घेतो. चेपलेली कड पुन्हा भरणे हे कारखान्याचेही काम नाही, मग घरचे कुठून असणार? ही पुंगळी एकदाच जगते. त्यानंतर ती फक्त पितळ.

दुसरी गोष्ट कायद्याची. काडतूस भरणे म्हणजे दारूगोळा तयार करणे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय ते करता येत नाही. आणि घरात शिसे वितळवण्याचे तर मनातही आणू नका, असे मी त्यांना म्हटले. शिशाची वाफ आणि धूळ शरीरात जाते, हाडांत साठून राहते आणि लहान मुलांच्या मेंदूला कायमचे अपंग करते. रेंजवरसुद्धा जाणती मुले सराव संपला की हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावत नाहीत. मामूंनी पुंगळ्या खिशात टाकल्या आणि म्हणाले, "म्हणजे गरिबाने जे करायचे ते सगळे बंद!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजच्या भाषणाचे निमित्त ते वाक्य आहे.

कायदा सैल करा, असे मी म्हणणार नाही. घरोघरी काडतुसे भरली जावीत असे मला मुळीच वाटत नाही. दारू आणि माणूस यांच्यात जितके अंतर राहील तितके बरे. फिनलंडमध्ये लापुआ नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या गोळ्या जगातल्या उत्तम गोळ्यांत गणल्या जातात. १३ एप्रिल १९७६ रोजी तिथल्या काडतुसे भरण्याच्या विभागात स्फोट झाला आणि ४० कामगार मरण पावले. त्यांत बहुतेक बायका होत्या. एवढा अनुभवी कारखाना, तरी ही गत. दारूशी खेळ नको, हे मामूंनाही पटते. पण मग स्वस्त गोळी यायची कुठून?

आज मोठ्या स्पर्धांसाठी आपले खेळाडू बहुतेक करून इंग्लंड आणि जर्मनीमधल्या कारखान्यांच्या गोळ्या वापरतात. त्या आयात कराव्या लागतात. कुणी किती आणायच्या, याला नियम आहेत. नामांकित नेमबाज, होतकरू नेमबाज, कनिष्ठ नेमबाज अशा पायऱ्या आहेत आणि वरच्या पायरीवरच्याला जास्त सवलत. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि युरोपातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांवर लष्करी मागणीचा ताण आला. जगाच्या एका कोपऱ्यात तोफा धडाडल्या की दुसऱ्या कोपऱ्यातल्या मुलीच्या सरावाचीही काळजी वाटू लागते.

मग गरिबाघरची मुले काय करतात? ती काटकसर करतात. स्वस्त गोळी सरावाला आणि चांगली गोळी सामन्याला, असे वाटप करतात. ती 'कोरा' सराव करतात, म्हणजे जिवंत काडतुसाशिवाय. रायफल उचलायची, बैठक जमवायची, श्वास सोडायचा, नेम धरायचा, चाप दाबायचा. गोळी नाही, आवाज नाही. पण चाप दाबताना नळी हलली का, हे हाताला कळते. मामूंची मुलगी रेंजवर तासन् तास असा सराव करते. तिच्या गुरूंनी तिला सांगितले आहे की नेम शंभर वेळा धर आणि गोळी दहा वेळा झाड. जगातले मोठे नेमबाजही कोरा सराव करतात, तो काही केवळ गरिबीचा उपाय नाही. पण एका मर्यादेनंतर गोळी झाडावीच लागते. धक्का सोसावा लागतो, वारा वाचावा लागतो, चुकलेल्या गोळीनंतर मन स्थिर करावे लागते. हे कोऱ्या सरावात शिकता येत नाही.

मला सुचतात त्या गोष्टी साध्या आहेत. सरकारच्या योजना आहेत. ऑलिंपिकच्या तयारीसाठी २०१४ पासून केंद्राची 'टॉप्स' योजना आहे, महाराष्ट्राची क्रीडाप्रबोधिनी आहे. स्वप्नील कुसळेही प्रबोधिनीतूनच आला. पण योजना वरच्या पायरीवर पोहोचलेल्याला उचलून धरतात. अगदी तळाला शाळा आणि एनसीसी आहेत. खरी दरी आहे ती मधल्या पायऱ्यांवर. राज्य स्पर्धेत दिसलेला, पण देशाच्या संघात न पोहोचलेला मुलगा तिथे एकटा असतो. त्याच्या हाती रोख रक्कम देण्यापेक्षा रेंजवर मोजून गोळ्या द्याव्यात. पाठ्यपुस्तके देतो, तशा. रिकामी पुंगळी परत केल्याशिवाय पुढचे खोके नाही, ही शिस्त एनसीसीत आहेच. मी बी.ए.ला असताना शिबिरात आम्हाला पाच-पाच गोळ्या मिळायच्या, आणि हवालदारसाहेब पाचही पुंगळ्या मोजून घेतल्याशिवाय जेवायला सोडत नसत.

दुसरे असे की, ज्या देशात पिढ्यान् पिढ्या काडतुसे तयार होत आली, त्या देशात खेळाडूच्या भरवशाची गोळी तयार व्हावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. सैन्याच्या गोळीला लाखोंची संख्या हवी असते, खेळाच्या गोळीला सारखेपणा हवा असतो. गिऱ्हाईक थोडे, नफा थोडा, हे मला समजते. पण सुरुवातीला सामन्याची गोळी नको, सरावाची तरी चांगली आणि परवडणारी गोळी देशातच मिळू द्या. सामन्याला लागणारी बाहेरून आणू. खडकीहून बालेवाडी काही लांब नाही. हे अंतर गोळीला पार करता यावे, एवढेच माझे म्हणणे.

आणि तिसरी गोष्ट तुमच्या-माझ्या हातातली. गावात गणपतीची वर्गणी निघते, उरुसाची निघते, क्रिकेटच्या सामन्यांना तर मोठमोठी बक्षिसे लागतात. एखाद्या मंडळाने, एखाद्या जमातने, एखाद्या पतपेढीने आपल्या भागातल्या एका खेळाडूची वर्षभराची खोकी आपल्याकडे घेतली तर? त्या खोक्यांवर फलक लावता येत नाही, फोटो काढता येत नाही. गोळी झाडली की संपली. पण त्या मुलाचा नेम पक्का होतो.

मामूंच्या मुलीने गेल्या वर्षी राज्य स्पर्धेत भाग घेतला. पदक मिळाले नाही. आल्यावर तिने आधी आईला सांगितले की, आपल्याकडे अजून सात खोकी शिल्लक आहेत. एका खोक्यात पन्नास, म्हणजे साडेतीनशे गोळ्या. पुढचे खोके कधी येईल ते तिला माहीत नव्हते. तिने त्या कॅलेंडरवर वाटून घेतल्या. कुठल्या दिवशी किती, ते पेन्सिलीने लिहून ठेवले. गोळ्या नसलेल्या दिवसांपुढे तिने 'कोरा' असा शब्द लिहिला आहे. त्या महिन्याच्या पानावर तो शब्द मी मोजला, एकोणीस वेळा होता.